काच बसवणाऱ्याला हिने विचारलेला प्रश्न

तुम्हाला सांगतो, घरात गाडीतलं फक्त मला कळतं असा माझा समज होता. खडीच्या ट्रकमधून दगड उडाला आणि आमच्या फियाटची पुढची काच फुटली. उल्हासनगरात काच बसवणारे दोघे म्हणाले, "भाभी, आधा घंटा बस!"

बायकोने दोघांनाही विचारलं, "मग तुमच्या मुलीला पुढे बसवून बदलापूरला आमच्या घरापर्यंत गाडी आणून द्याल?"

दोघेही हसले.

अंबरनाथचा फिटर मात्र हसला नाही. त्याने चौकटीवरून बोट फिरवलं. "आणतो ताई, पण आज नाही. आधी गंज काढावा लागेल, रबरही नवं लागेल."

दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली. पुढच्या सीटवर दोन वेण्यांची मुलगी ऐटीत बसलेली!

आता आळीत कुणाचीही काच फुटली, की लोक हिला विचारायला येतात. मी चहा टाकतो.