चौथं गाणं अर्धवट

रेकॉर्डच्या दुकानाबाहेर सहीसाठी रांग लागली होती. गायक आत बसला होता आणि रांगेत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात त्याच्या सुरुवातीच्या गाण्यांचा जाडजूड संच होता. माझ्यापुढे मामा-भाचे उभे होते आणि त्यांच्यापुढे एक बाई.

"मामा, यातलं चौथं गाणं मध्येच का तुटतं रे?"

"अरे, तीच तर खरी गंमत! स्टुडिओत गाता गाता तो थांबतो आणि म्हणतो, 'दार लाव गं.' ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण म्हणतो कुणाला?"

"चहा घेऊन आलेली बाई असणार. दुसरं कोण!"

"चहा मी त्याला कधीच नेऊन दिला नाही."

"म्हणजे... त्या तुम्हीच का, काकू?"

"मीच. बायको होते तेव्हा त्याची."

"बघ, मला वाटलंच होतं, घरचंच कुणीतरी असणार!"

"मामा, तू जरा गप्प बस ना. काकू, मग तुम्ही दार लावलं नाहीत का?"

"लावलं की. बाहेरून. बॅग आधीच गाडीत ठेवली होती."

"बाप रे! आणि आज त्याची सही घ्यायला आलात?"

"सही कशाला? दोन आहेत माझ्याकडे. एक लग्नाच्या कागदावर, एक घटस्फोटाच्या."

"मग?"

"गाणं माझ्यावरचं होतं. शेवटचं कडवं ऐकायचं राहिलंय, ते आज म्हणायला लावते त्याला. आला बघा माझा नंबर. मी आत गेले की तेवढं दार लावून घ्या."