चौथ्या पट्ट्यातलं गवत

रफिला : ग्लिगोरची गाय शिरली असेल. त्या गाईला कुंपण कशाशी खातात ते ठाऊकच नाही.

स्मरांडा : गाय गवताचे सगळे बुडखे एकाच उंचीवर ठेवते, मावशी? चार खुंट्यांच्या आत तेवढं चरते आणि काठावरचं पातंही न मोडता परत जाते?

रफिला : शहाणी गाय आहे.

स्मरांडा : आणि तुमच्या कमरेला धारेचा दगड ठेवायचं शिंग आहे, त्यातून पाणी गळतंय. दगड ओला कसा? माझ्या अभ्यासाची जूनमधली कापणी सोडली, तर संत इलियेच्या सणाआधी या डोंगरात कुणी विळा काढत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. सणाला अजून आठवडा आहे.

रफिला : पोलिसात आहेस का गं तू?

स्मरांडा : चार वर्षं येतेय मी इथे. चारच पट्टे मागितले होते तुमच्या कुरणात. एकाला वर्षातून एक कापणी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. चौथ्याला विळा लावायचाच नाही. कशानं झाडांचं आणि मातीचं काय होतं, ते बघायला. तोदोरकाकांनी सही केली होती.

रफिला : केली सही माझ्या नवऱ्यानं, आणि त्याच हिवाळ्यात गेला. कागद माझ्या गळ्यात. चर्चला जाताना बायका त्या न कापलेल्या गवताकडे माना वळवून बघतात. तोदोरच्या मागे विळा धरणारं कुणी उरलं नाही म्हणतात. मी अजून उभी आहे!

स्मरांडा : म्हणून कापलंत?

रफिला : मी कापलं असं कुठे म्हणाले? आणि मलाच काय विचारतेस? तू मातीच्या पिशव्या भरून शहरात नेतेस, त्याचं काय? पलीकडच्या डोंगरावर सोनं शोधणारे आले होते ना, तेही आधी पिशव्याच भरायचे. हसून बोलायचे, अगदी तुझ्यासारखे.

स्मरांडा : माझ्या पिशव्यांत माती आहे, मुळं आहेत आणि गांडुळं. या, उघडून दाखवते.

रफिला : दाखवशील गं. सोनं का डोळ्यांनी दिसतं?

स्मरांडा : मावशी, चौथ्या पट्ट्यात खाली काय होतं ते तरी बघितलंत का?

रफिला : काय असणार? जुन्या गवताची गादी, वीतभर. खाली ओलं शेवाळ. फुलं नावाला चार. देवदाराची पोरंही उगवलेली, बोटाएवढी. विळा दोनदा अडकला त्यांच्यात.

स्मरांडा : विळा अडकला, मावशी?

रफिला : हो, कापलं! माझं कुरण, माझा विळा. पाच वर्षं कापलं नाही तर सरकारदरबारी पडीक म्हणून नोंद होते, आणि मग जो कापील त्याचं ते. पुढच्या वर्षी पाच होणार होती.

स्मरांडा : हे कुणी सांगितलं?

रफिला : ग्लिगोरनं. तोदोरचा सख्खा भाऊ तो.

स्मरांडा : असा कायदाच नाही. आणि काकांच्या कागदावर शिक्क्यासकट लिहिलंय, न कापलेला पट्टाही मालकाच्याच ताब्यात. हे बघा. चष्मा लावा.

रफिला : … हं. शिक्का तर आहे.

स्मरांडा : गेल्या वर्षी ग्लिगोरकाकांनी मला गाठून विचारलं होतं, वहिनी कुरण कधी विकणार म्हणून. त्यांनाच हवंय ते.

रफिला : आणि हे मला आज सांगतेस? आणखी काय काय लपवलंयस?

स्मरांडा : काही नाही.

रफिला : मग तिसऱ्या पट्ट्यात अर्निका का नाही?

स्मरांडा : तिथे पहिली कापणी जूनच्या सुरुवातीलाच करते ना मी. फुलायच्या आधीच जाते ती.

रफिला : फुलाचं नाही विचारत. जमिनीला चिकटलेलं पानसुद्धा नाही. परवा गुडघ्यांवर बसून शोधलं. याच गुडघ्यांना मी त्या फुलांचा अर्क चोळते, मला पान ओळखायला शिकवू नकोस.

स्मरांडा : … पहिल्या वर्षी एकोणचाळीस होती. दुसऱ्या वर्षी अकरा. यंदा एकही नाही.

रफिला : दुसऱ्याच वर्षी कळलं होतं तुला?

स्मरांडा : हो. दर कापणीला गवताबरोबर मातीतला कसही जातो, आपण परत काही घालत नाही. मुळांना साठवायला उसंत नाही, बी धरायला वेळ नाही. आणि अर्निकाचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही.

रफिला : तरी माझाच विळा मागून नेऊन कापत राहिलीस.

स्मरांडा : सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.

रफिला : थांबवलंच असतं!

स्मरांडा : म्हणूनच नाही सांगितलं. चुकलं माझं.

(स्मरांडा वही काढते.)

रफिला : काय लिहितेस?

स्मरांडा : चौथा पट्टा चौथ्या वर्षी कापला गेला. पुढची मोजणी बाद.

रफिला : कुणी कापला, तेही लिहिणार?

स्मरांडा : मालकिणीनं. तिसऱ्या पट्ट्याची खरी माहिती तिला दिली नव्हती, हेही लिहिते.

रफिला : तुझे साहेब रागावतील.

स्मरांडा : रागावतील. माझं एक वर्ष तर गेलंच.

रफिला : तिसऱ्या पट्ट्यातल्या तीन कापण्या आजपासून बंद. वर्षातून एकदाच कापायचा, इलियेनंतर.

स्मरांडा : हो.

रफिला : मग फुलं कधी येतील?

स्मरांडा : शेजारच्या पट्ट्यातलं बी उडून यायला हवं. रुजायला हवं. सात-आठ वर्षं तरी. कदाचित येणारही नाहीत.

रफिला : मी चौऱ्याहत्तरची आहे.

स्मरांडा : माहीत आहे.

रफिला : दोन वर्षांत येतील म्हणायचंस. मी मानलं असतं.

स्मरांडा : मानलं असतंत, मावशी. म्हणून तर तसं म्हणाले नाही.

रफिला : … बूट बाहेर काढ आणि आत ये. मक्याचा घाटा गार होतोय.