सलोख्याची सोयरीक

निंगप्पा: वाकून ये अक्का. कपाळ आपटंल.

अक्कम्मा: एवढं ठेंगणं दार करून ठेवलंय व्हय रं?

निंगप्पा: जुन्या लोकांनी मुद्दाम केलंय. राजा आला तरी मठात वाकूनच यायचा. अन् ह्या फळीवर हात फिरव. घाव लागत्यात का हाताला? सात हायेत. रझाकारांच्या कुऱ्हाडीचं. गावातल्या समद्या बाया-पोरी तवा आत जुंधळ्याच्या पेवात उतरून बसल्या हुत्या, जमिनीखाली. दार काय तुटलं न्हाय.

अक्कम्मा: जल्मापास्नं मठात असल्यावानी सांगतुयास.

निंगप्पा: तीन म्हैनं झालं जेलातनं सुटून. सकाळी मंडप झाडतो, नदीचं पाणी आणतो. दासोहात, मठाच्या अन्नछत्रात, दोन टायमाला भाकरी मिळती. कोण बघाय आलं तर मठ दावतो. पैल्या दिशी स्वामींनी एवढंच ईचारलं, खून केलायस का? म्हणलं, व्हय. म्हणले, खराटा त्या कोपऱ्यात हाय.

अक्कम्मा: अन् घरी का गेला न्हाईस?

निंगप्पा: घरी कोण हाय? बायकू, पार्वतम्मा, मेली त्याचं पत्र जेलात आठ दिसांनी मिळालं. घराला कुलूप. पोरगी सासरी. तू बरीक म्हातारी दिसाय लागलीस गं. कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभी हुतीस तवा शेवटचं बघितलं.

अक्कम्मा: साक्षीचं काढलंस ते बरं केलंस. मी त्याची माफी मागाय आले न्हाय.

निंगप्पा: मी कुटं मागितली?

अक्कम्मा: जे बघितलं ते सांगितलं. माझ्या नवऱ्याला माझ्या म्होरं तोडलंस तू. दोन घाव मानंवर, तिसरा पडल्यावर.

निंगप्पा: चल, तुला गद्दुगी दावतो. मूळ स्वामी हितंच बसल्या बसल्या समाधीत गेले. वर नागाचं छत्तर हाय, एका दगडात कोरलेलं.

अक्कम्मा: बघते. आधी बोलू दे.

निंगप्पा: काय बोलायचं अक्का? दुष्काळ हुता. घरात एक पोतं जुंधळा हुता त्यातला अर्धा डोईवर घेऊन तुझ्या दारात आलो. तू चुलीपाशी पडलेली. तोंडातनं रगत. भाऊजी शिवळ हातात धरून उभे, बैलाच्या जुवातली. माझं डोस्कं फिरलं. तुझ्यासाठी केलं.

अक्कम्मा: मी तुझ्याकडं काय मागितलं हुतं, आठवतंय?

निंगप्पा: न्हाय.

अक्कम्मा: पाणी. निंगा, पाणी दे, म्हणले. तू माझ्या अंगावरनं पलीकडं गेलास अन् लाकडापाशी पडलेली कुऱ्हाड उचललीस. पाणी मला शेजारच्या केराबाईनं दिलं, पंचनामा चालू झाल्यावर.

निंगप्पा: त्यानं तुला मारून टाकलं असतं.

अक्कम्मा: आसंल. चौदा वर्सं मारत हुता, तुला त्या दिशी दिसलं. मी न्हाय म्हणत न्हाय. पण त्या तीन घावांचं म्होरं काय काय झालं, ते तुला कुणी सांगितलं न्हाय. ते सांगाय आले.

निंगप्पा: सांग. अन् ती चिंचंखाली कोण बसलीया? तुझ्याबरोबर एसटीतनं उतरली न्हवं?

अक्कम्मा: हाय एक. दमलीया. बसू दे सावलीला. तू ऐक. तुला जेल झाली त्याच्या आठव्या दिशी तुझी कडब्याची गंजी पेटली.

निंगप्पा: ते पार्वतम्मानं कळवलं हुतं.

अक्कम्मा: बैलांचं कळवलं हुतं का? दोन्ही बैलांच्या मागल्या पायाच्या शिरा तोडल्या, गोठ्यात. सकाळी पार्वतम्मानं दार उघडलं तर जनावरं बसल्या जागी हंबरडत हुती. माझ्या दिरांनीच केलं. मला ठावं हाय, कारण कोयता धुवायला माझ्याच पुढ्यात टाकला.

निंगप्पा: तिनं ल्हिवलं, बैलं ईकली.

अक्कम्मा: काय ल्हिवणार? मग तुझ्या शेतात कुणी गडी येईना. हिरीवर बायका तिची घागर लावू देईनात. चार सालं तिनं कशी काढली तिलाच ठाऊक. शेवटाला पंच बसले. म्हणले, आसं किती दिस चालायचं, आज बैलं तोडली, उद्या माणसं तुटतील. सलोखा करा.

निंगप्पा: कुटं बसले पंच?

अक्कम्मा: तू रोज झाडतोस त्या मंडपात.

निंगप्पा: हितं?

अक्कम्मा: ह्या खांबाला टेकून माझा थोरला दीर बसला हुता. त्या वक्ताला मोठे स्वामी आजारी, आत झोपून. पंचांचंच राज्य. रगताची सोयरीक झाली की वैर मिटतंय, म्हणले. मामाची पोरगी भाच्याला द्यायची रीतच हाय, नवं काय न्हाय, म्हणले.

निंगप्पा: अक्का, कुणाची पोरगी?

अक्कम्मा: तुझी. सिद्धम्मा. माझ्या शिवपुत्राला दिली.

निंगप्पा: पार्वतम्मानं कळवलं हुतं, अफझलपूरकडं दिली. चांगलं घर हाय म्हणून.

अक्कम्मा: जेलात बसून तू काय करणार हुतास? म्हणून खोटं ल्हिवलं. सोळा वर्साची हुती पोर. माझ्या नवऱ्याच्या फोटूम्होरं तिला पैल्यांदा नमस्कार कराय लावला, मग उंबऱ्यावरचं माप वलांडलं तिनं.

निंगप्पा: आन् तू हू म्हणलीस?

अक्कम्मा: मला कोण ईचारतंय? पण खरं सांगते, मनातनं बरं वाटलं. म्हणलं, भावाची पोर माझ्या नजरंम्होरं ऱ्हाईल, मी जपीन.

निंगप्पा: जपलीस का?

अक्कम्मा: न्हाय. न्हाय जपाय आलं. पैलं वरीस बरं गेलं. मग दीर त्याच्या कानाला लागले. तुझ्या बापाला मारणाऱ्याची पोर ताटात वाढतीया अन् तू खातुयास, म्हणायचे. पैल्यांदा त्यानं भाकरीची परात फेकली. मग हात. मग चामड्याची वादी. परवा सकाळी तिचा हात पाठीमागं पिरगाळून मोडला. मधी पडले तर मलाबी ढकललं, जात्यावर. कोपर बघ, काळं-निळं पडलंय. त्या वक्ताला त्याचं तोंड बघितलं मी. त्याचा बाप वीरभद्रप्पाच उभा हाय आसं वाटलं.

निंगप्पा: चिंचंखाली कोण हाय अक्का?

अक्कम्मा: तीच हाय.

निंगप्पा: मी तिच्या अंगावरनं आलो. तिला म्हणलं, बाई, जरा सावलीत सरका.

अक्कम्मा: बारा वर्साची सोडून गेलास. कशी वळखणार? त्यात तोंड सुजलंय.

निंगप्पा: शिवपुत्र घरीच असतो का?

अक्कम्मा: कुटं निघालास? त्या खोलीत काय हाय?

निंगप्पा: दासोहाची लाकडं.

अक्कम्मा: अन् कुऱ्हाड. निंगा, तिला हात लावू नको. मागं फिर. कुऱ्हाड उचलावीस म्हणून मी तीस मैल एसटीनं आले न्हाय. तसं पायजे असतं तर चिठ्ठी पाठवली असती.

निंगप्पा: मग कशाला सांगितलंस? मी बाप हाय तिचा.

अक्कम्मा: बाप हाईस म्हणूनच सांगितलं. स्वामींना ईचार, पोरीला ठेवून घेतील का. स्वयंपाक करंल, हात बरा झाला की. मीबी ऱ्हाईन. त्या घरी आता मी परत जात न्हाय. एवढंच काम हाय तुझ्याकडं. जमंल का? तोंडानं ईचारायचं, हातानं काय करायचं न्हाय.

निंगप्पा: स्वामी पूजंला बसल्यात. उठले की ईचारतो. त्यो येईल का तुमच्या मागं?

अक्कम्मा: येईल. ठेकेदाराची जीप चालवतो. ईचारत ईचारत येईल.

निंगप्पा: मग तिला आत घे आधी. दासोहाच्या खोलीत. एकच दार हाय त्या खोलीला.

अक्कम्मा: मी जाऊन हात धरून आणते. तू हितंच थांब. एवढ्यात तिच्याम्होरं येऊ नको. तुझ्या डोळ्यात अजून ती कुऱ्हाड दिसतीया.

निंगप्पा: घेतलीस का आत? कडी लावलीस?

अक्कम्मा: भायेरनं लावली. निंगा, फुफाटा बघ त्या वाटंवर. जीप हाय ती.

निंगप्पा: तू माझ्या मागं हो.

शिवपुत्र: अव्वा, ती कुठाय?

अक्कम्मा: आत हाय. तू जीप फिरव अन् घरी जा.

शिवपुत्र: गावभर बोभाटा केलास. स्टँडवर चारचौघांनी विचारलं मला, आई-बायको सकाळी सकाळी कुठं गेल्या? तिला बाहेर काढ, दोघी जीपमध्ये बसा. घरी गेल्यावर बोलू.

अक्कम्मा: घरी गेल्यावर तू काय बोलतोस ते तिच्या हातावर दिसतंय.

शिवपुत्र: आणि हा? हा तोच ना? माझ्या बापाच्या खुन्याकडे आलीस तू?

निंगप्पा: व्हय, त्योच मी.

शिवपुत्र: तुला कुणी विचारलं नाही. बाजूला हो त्या दारातनं.

निंगप्पा: न्हाय हुणार.

शिवपुत्र: हातात कोयता आहे माझ्या. दिसतोय ना?

निंगप्पा: दिसतोय. माझं हात मोकळं हायेत, तेबी बघ. तुझा बाप मी मारला. तुला पायजे ते माझं कर. ह्या दारातनं मातुर आत जाऊ देणार न्हाय.

अक्कम्मा: शिवपुत्रा, ठेव त्यो कोयता खाली.

शिवपुत्र: सहा वर्षं अव्वा. काका रोज ताटावर बसलं की पहिला घास बाजूला काढायला लावायचे. हा तुझ्या बापाचा, म्हणायचे, त्याला अजून पोचला नाही. पंधरा वर्षांचा होतो मी.

अक्कम्मा: काकांचं सांगितलंस. बाप जिता असताना त्या ताटावर काय चालायचं, तेबी तू बघितलंस की.

शिवपुत्र: शेवटचं सांगतो मामा. हो बाजूला.

(कोयत्याचा घाव निंगप्पाच्या दंडावर बसतो. दोघे झोंबत फरशीवर पडतात. कोयता निंगप्पाच्या हाती येतो. शिवपुत्राच्या छातीवर त्याचा गुडघा.)

निंगप्पा: हलू नको. हलू नको म्हणतो न्हवं. अक्का.

अक्कम्मा: हाय मी. हितंच हाय.

निंगप्पा: माझा हात माझं ऐकंना झालाय. काय करू ते सांग. बिगीनं सांग.

अक्कम्मा: कोयता माझ्याकडं दे.

निंगप्पा: ह्यो उठला की परत येईल. आज न्हाई तर उद्या.

अक्कम्मा: येऊ दे. तू दे आधी.

निंगप्पा: घे. मूठ रगतानं वली झालीया, निसटंल.

अक्कम्मा: धरला. आता गुडघा काढ. त्याला दम घेता येईना. काढ, निंगा. बास. शिवपुत्रा, ऊठ रं तू, खांबाला टेकून बस. ह्यो कोयता मी ह्या खालच्या पेवात टाकते, उतरून घेतोस का बघू.

शिवपुत्र: पाणी.

अक्कम्मा: देते. आधी ह्याचं रगत थांबवू दे. निंगा, दंड वर धर. पदर फाडते. हाडाला लागलंय का?

निंगप्पा: बोटं हलत्यात. हाड शाबूत हाय.

अक्कम्मा: घे रं पाणी. बसूनच पी. मठाचा पुजारी समदं बघून सायकल घेऊन पोलीसपाटलाकडं गेलाय.

निंगप्पा: पोलीसपाटील कशाला? अक्का, मी सांगीन, लाकडं फोडताना लागलं. माझी काय तक्रार न्हाय. मी ह्याचं एक देणं लागत हुतो, त्यातलं थोडं फिटलं आसं समज.

अक्कम्मा: तू तसलं काय सांगायचं न्हाय. कोयत्यानं मारलं, ह्यानं मारलं, माझ्या म्होरं मारलं. तुझं सांग, अन् पोरीच्या हाताचंबी सांगायचं. तू न्हाय सांगितलंस तर मी सांगीन. पिंजऱ्यात उभं ऱ्हायची सवं हाय मला.

शिवपुत्र: आई असून?

अक्कम्मा: आई असूनच. तुझ्या बापाच्या हातावर चौदा वर्सं पांघरूण घातलं मी. शेजारणी ईचारायच्या, काय झालं गं? मी म्हणायची, पडले. तू चुलीपाशी बसून ऐकायचास. तुला वाटलं, बाया आशाच पडत्यात. ते मी शिकवलं तुला, दिरांनी न्हाय.

शिवपुत्र: मला जेल होईल अव्वा.

अक्कम्मा: व्हय.

शिवपुत्र: किती?

निंगप्पा: मी मेलो न्हाय, म्हणजे कमी. पैल्या रातीला झोप येत न्हाय. मग येती.

शिवपुत्र: तुम्हाला यायची?

निंगप्पा: तुझा बाप यायचा सपनात. मारायचा न्हाय. नुसता जुंधळा मोजत बसायचा, मी आणलेला. अजून येतो.

शिवपुत्र: मी जीपमध्ये जाऊन बसतो. पळत नाही. चावी घे पाहिजे तर.

अक्कम्मा: आण हिकडं. जा, बस.

निंगप्पा: स्वामी गद्दुगीच्या दारात उभे ऱ्हाऊन समदं बघत हुते. ईचारलं म्या. म्हणले, पोरीचं ईचारायचं काय त्यात, चुलीपाशी जागा हाय. अन् मला म्हणले, फरशी धुवून काढ, सांजच्याला माणसं जेवाय बसतील.

अक्कम्मा: फरशी मी धुते. त्या हातानं तू काय धुणार? तू जा पोरीकडं.

निंगप्पा: जाऊ?

अक्कम्मा: जा. आत बसून काय झालं तिला ठावं न्हाय. कोण जितं हाय तेबी ठावं न्हाय.

निंगप्पा: अक्का.

अक्कम्मा: का रं फिरलास? कडी निघंना का?

निंगप्पा: कडी काढली. दारातच उभा ऱ्हायलो. चुलीकडं तोंड करून बसलीया. सिद्धे म्हणून तीनदा हाक मारली. वळंना. बापाचं तोंड बघायचं नसंल तिला. बरोबर हाय तिचं.

अक्कम्मा: तसं न्हाय ते. गेल्या शिमग्याला शिवपुत्रानं कानाखाली मारली, तवापास्नं तिला कमी ऐकू येतंय, मागनं मारलेली हाक कळत न्हाय. फिरून पुढं जा, तिच्याम्होरं खाली बस. मग बोल.