अध्यक्षांच्या नंबरावर आलेल्या फोनबाबत

जबाब. सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

नाव वरच्या चौकटीत आहे तेच. दुकानात मला सगळे 'म्यूट' म्हणतात. वय अठरा वर्षं दोन महिने. काम: बॅनर छापायच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करते. शिक्षण आठवी पास, नववी अर्धी. तोंडी परीक्षेला उभी राहिले आणि उभीच राहिले, तेव्हापासून शाळा नाही. राहणार पाण्याच्या टाकीमागे, दुसरा मजला, मोठ्या बहिणीसोबत. घरात आम्ही दोघीच.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझी ताई वाहतूक पोलिसात आहे. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार काकांना हे आधीपासून माहीत आहे. तरी त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. मोठ्याने बोल, असं त्यांनी आतापर्यंत तीनदा सांगितलंय.

आपल्या संघाचा गोलकीपर, ज्याला सगळे 'भिंत' म्हणतात, तो गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी गाडी घेऊन प्राथमिक शाळेच्या कंपाउंडवर गेला. भिंत भिंतीला धडकली, हा विनोद मी आतापर्यंत चाळीस जणांकडून ऐकलाय, त्यामुळे मला हसायला लावू नका. शाळा सुटायला बारा मिनिटं होती. सुटल्यावर पोरं त्याच भिंतीला टेकून रिक्षाची वाट बघतात.

ताईची ड्यूटी त्या चौकात होती. भिंत गाडीतून उतरला आणि म्हणाला, "ओळखतेस ना मला?"

ताई म्हणाली, "ओळखते. फुंका."

मशीनवर एकशे बेचाळीस आलं. तीसच्या वर गेलं की गुन्हा. ताईने परत फुंकायला लावलं, परत एकशे बेचाळीस. मग तिने त्याला गाडीत बसवून ठाण्यात नेलं. हे मला तिने सांगितलेलं नाही. एकाने व्हिडिओ काढला होता, तो सगळ्यांनी बघितलाय. ताई घरी येऊन एवढंच म्हणाली, "आज भूक नाही."

ताई अकरा वर्षांची असल्यापासून संघाचे सामने बघते. भिंतीचं पोस्टर आमच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे. ते अजून तिथेच आहे.

बुधवारी सकाळपासून दुकानात संघाच्या चाहत्यांची ये-जा होती. काउंटरवर जे बोलणं झालं ते आठवतं तसं सांगते. एक जण म्हणाला त्याने दारू घेतलीच नव्हती, खोकल्याचं औषध घेतलं होतं. दुसरा म्हणाला घेतली होती, पण घरी भांडण झालं होतं म्हणून. तिसरा म्हणाला, "अरे, तो पिऊनसुद्धा आपल्या दुसऱ्या कीपरपेक्षा बरा." चौथा म्हणाला कंपाउंडची भिंत फुटपाथला फार खेटून बांधलीय, बांधणाऱ्यावर केस टाका. कोणाला काही लागलं नाही ना, असं सगळेच म्हणाले. शाळा किती वाजता सुटते, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. त्यातल्या दोघांची पोरं त्याच शाळेत आहेत.

दुपारपर्यंत सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. चूक त्या बाईची. ती माझी ताई आहे हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. मी बोलत नाही, त्यामुळे मला कोणी काही विचारत नाही.

बुधवारी दुपारी तीन वाजता फॅन क्लबचे अध्यक्ष आणि खजिनदार दुकानात आले. अध्यक्षांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांना वीस फूट बाय दहा फूट बॅनर पाहिजे होता, मैदानाच्या गेटसमोर लावायला. ऑर्डरचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला. फॉर्मवर 'बॅनरवर छापायचा संपर्क' अशी चौकट असते. त्यात त्यांनी सवयीने स्वतःचा नंबर टाकला. त्यांच्या प्रत्येक बॅनरवर तोच असतो, बाहेरगावच्या सामन्याला बसमध्ये जागा पाहिजे असेल तर लोक त्यावर फोन करतात.

छापायचा मजकूर त्यांनी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून दिला. तो असा:

'आमच्या भिंतीला हात लावणाऱ्याला सोडणार नाही! ज्या व्यक्तीमुळे आपला संघ रविवारी गोलकीपरशिवाय खेळणार, त्या व्यक्तीला जाब विचारा. खालील नंबरवर फोन करा. रात्र-दिवस करा.'

त्याच्या खाली एक मोबाइल नंबर होता. तो ताईचा होता.

मला दोनच नंबर पाठ आहेत. पहिला ताईचा, कारण शाळेत प्रत्येक कागदावर पालकांच्या जागी तोच लिहायचे. दुसऱ्याचं पुढे सांगते.

ताईचा नंबर त्यांना कुठून मिळाला, असं हवालदार काकांनी मला विचारलं. खजिनदार म्हणाले होते, "आपला मेव्हणा आहे ना खात्यात." कोणत्या खात्यात ते मी विचारलं नाही. तुम्ही विचाराल असं वाटलं.

अध्यक्षांना ताईचा फोटोही टाकायचा होता, त्यावर लाल फुली मारून. फोटो व्हिडिओतून काढलेला होता, गाडीच्या खिडकीत वाकलेली एक टोपी आणि अर्धा कान. मी म्हटलं, "एवढा मोठा केला तर फाटेल."

अध्यक्ष म्हणाले, "काय म्हणाली ही?"

मालक म्हणाले, "फाटेल म्हणते."

"मग त्या जागेत काय टाकणार?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "माझाच फोटो जरा मोठा कर."

"माझा?" खजिनदार म्हणाले.

"तुझा आहे तिथे बरा आहे."

मी अध्यक्षांचा फोटो मोठा केला. मजकुराच्या बरोबर खाली, मध्यभागी. त्याच्या खाली नंबर टाकला. फॉर्मच्या चौकटीतला.

आमच्या दुकानात नियम आहे. छापायच्या आधी कागदावर नमुना काढतो आणि गिऱ्हाईक तो बघून सही करतं. मजकूर, फोटो, नंबर, तिन्हींसमोर वेगवेगळी सही. नंतर कोणी भांडायला नको म्हणून. अध्यक्षांनी तो नमुना अकरा मिनिटं बघितला. माझ्या समोर घड्याळ आहे, म्हणून वेळ सांगता येते. चेहरा उजळ करायला सांगितला, केला. मिशी काळी करायला सांगितली, केली. खजिनदारांचा फोटो अजून थोडा लहान करायला सांगितला, ते चहा आणायला गेले होते तेव्हा. तोही केला. मग तिन्ही ठिकाणी सही केली. सह्या केलेला नमुना सोबत जोडलाय.

खजिनदार परत आल्यावर त्यांनी पण नमुना बघितला आणि विचारलं, "माझा फोटो मघाशी एवढाच होता का?" नंबर त्यांनीही बघितला नाही.

गुरुवारी बॅनर लागला. शुक्रवारी ताईची ड्यूटी मैदानाच्या गेटवर होती, म्हणजे बॅनरच्या बरोबर खाली. ती ड्यूटी तिला कोणी आणि का दिली ते मला माहीत नाही. आठ तास ती तिथे उभी होती. संध्याकाळी घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "बॅनर तुमच्याच दुकानातला ना?"

मी मान हलवली.

"नंबर कोणाचा आहे?"

मी सांगितलं. ताई खुर्चीवर बसली आणि बराच वेळ हसत होती. मग हसता हसता तिने तोंडावर टॉवेल घेतला. म्हणून मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा ती म्हणाली, "तुझी नोकरी जाईल, वेडे." त्याआधी तिला काहीही माहीत नव्हतं. हे ठळक लिहा, कारण अध्यक्षांनी तक्रारीत लिहिलंय की तिनेच माझ्याकडून हे करून घेतलं.

रविवारी संघ पाच-शून्य हरला. भिंत नव्हती म्हणून हरलो, असं सगळे म्हणतात. भिंत असताना मागच्या महिन्यात चार-शून्य हरलो होतो, तेव्हा पंच विकला गेलेला होता.

सामना संपल्यावर अध्यक्षांना अकराशे फोन आले, असं तक्रारीत आहे. त्यांच्या फोनची रिंगटोन संघाचं गाणं आहे, तेव्हा त्यांना ते गाणं अकराशे वेळा ऐकायला मिळालं. एका चाहत्याला आणखी काय पाहिजे. फोन करणाऱ्यांची भाषा अत्यंत गलिच्छ होती, आईवरून आणि बहिणीवरून शिव्या होत्या आणि सगळे पाठ केल्यासारखं एकच बोलत होते, असंही तक्रारीत आहे. काय बोलायचं आणि सामना संपल्यावरच बोलायचं, हे क्लबच्या ग्रुपवर बुधवारीच ठरलं होतं. अध्यक्षांनीच टाकलं होतं, सात मुद्दे. अध्यक्ष सांगत होते, अरे मी आहे, मी अध्यक्ष. समोरचा म्हणायचा, "बाईमाणसाचा आवाज काढ आधी." त्यांना जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, बायको पोरं घेऊन माहेरी गेली. वाचून वाईट वाटलं. यादीतले सातही मुद्दे मीही वाचलेत. त्यातला चौथा घरी धाकटी बहीण असते त्याबद्दल आहे.

आज सकाळी मालकांनी मला बोलावलं. ते मला ओरडले नाहीत. म्हणाले, "हे बघ म्यूट, मशीन चुकलं म्हणून सांग. फाइल बदलली, नंबर सरकला, काहीही. तू सुटशील, मी सुटेन, अध्यक्षाची पण लाज राहील."

याच संदर्भात सांगते की, ताईची खात्याकडून चौकशी चालू आहे. परवा तिला बोलावलंय. तिला पण एक कागद दिलाय, तिने फक्त सही करायची. त्यात लिहिलंय की त्या दिवशी फुंकायचं मशीन बिघडलेलं होतं. सही केली की भिंत येत्या रविवारी खेळणार आणि ताई तिच्या जुन्या चौकात परत जाणार. नाही केली तर कुठे जाणार ते सांगितलेलं नाही. कागद आमच्या जेवायच्या टेबलावर आहे. ताईने त्याच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलाय. आता त्यावर गोल डाग पडलाय.

हवालदार काकांनी विचारलं, बहिणीचा नंबर छापला असता तर काय झालं असतं? मला माहीत नाही. ती फोन बंद करत नाही. मी कामावरून घरी पोचले की रोज मिस कॉल देते, तेवढ्यासाठी तिला तो चालू ठेवावा लागतो.

अध्यक्षांचा नंबर आता मला पाठ झालाय. तो दुसरा.

मला आणखी काही सांगायचं नाही.

वरचा जबाब हवालदार काकांनी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. वाचताना ते दोन ठिकाणी थांबले आणि खोकले. त्यांच्या टेबलावरच्या किल्ल्यांना संघाचा बिल्ला आहे, तरी त्यांनी सगळं मी सांगितलं तसंच लिहिलंय. फक्त एका ठिकाणी, फॉर्मच्या चौकटीतला नंबर टाकला असं मी म्हटलं, तिथे त्यांनी स्वतःहून 'चुकून' हा शब्द घातला होता. मी तो खोडायला सांगितला. ते हळू आवाजात म्हणाले, "राहू दे ना पोरी, तुझ्याच फायद्याचा आहे." मी परत सांगितलं. या वेळी त्यांना 'मोठ्याने बोल' म्हणावं लागलं नाही.

'चुकून' खोडला. खोडलेल्या जागी माझी सही आहे. आमचं मशीन चुकलं नाही. ताईचंही चुकलं नव्हतं. बाकी जबाब बरोबर आहे.