तपासणाऱ्याची सही

हॅलो?… हो, रूपाच बोलतेय. बोल मंजुषा… नाही गं, कामात कसली. अण्णांचं कपाट आवरत होते.

राग कशाचा? तेराव्याला तुम्ही अण्णांच्या रविवारच्या, पात्रं घेऊन खेळायच्या खेळातले पाचही जण आलात, बरं वाटलं… हो, सापडली. निळी फाइल. वर लिहिलंय 'करमाड आर्म्स'… हसलीस? मलाही हसू आलं. खेळातल्या काउबॉयच्या गावात बंदुकांचं दुकान काढलं, तर पाटी आपल्या करमाडची.

ऐक ना, मला एक कळत नाही. तुम्ही बंदूक फाशावरच बनवता ना?… हं, कशी हवी ते सांगायचं, फासा टाकायचा, आकडा चांगला पडला की झाली. मग एवढी ड्रॉइंग्ज कशाला?… खरंय. चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. खेळातल्या बंदुकीलाही मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापं.

दुकान बंद करायचं?… करा. त्यांच्याशिवाय कोण चालवणार… काय राहिलंय? एकच रिव्हॉल्व्हर? थांब, बघते.

आहे. मूठ बारीक… गोळ्या भरायचं झाकण डावीकडं. तुमच्यात डावखुरं कोण आहे?

…

माझ्यासाठी?… हो, डावखुरी मीच.

नाही, मला नव्हतं माहीत. एकदा जेवताना माझा डावा हात पेपरवर ठेवायला लावला, पेन्सिलीनं भोवती आखलं. मी म्हटलं, अण्णा, भाजी गार होतेय. का आखलं, विचारलंसुद्धा नाही.

खेळायला बोलवायचे गं. दर रविवारी. 'ये की, तुझी जागा धरलीय.' मी म्हणायची, पुढच्या रविवारी…

मग या रिव्हॉल्व्हरसाठी फासा का नाही टाकला? फेब्रुवारीपासून?… कुठला चौकोन? खाली उजवीकडं… काढणारा, रामकिसन… अण्णांचंच अक्षर. तपासणारा… रिकामं आहे.

हो, तो त्यांचा नियमच. ज्याच्या हातात जायचं, त्यानं तपासल्याशिवाय जॉब मशीनवर चढवायचा नाही.

अगं, हे ड्रॉइंग पाठवलं होतं मला. फोनवर. मी नुसता अंगठा पाठवला. उघडलं नव्हतं… तुला काय म्हणाले?… 'अंगठा चालत नाय, सही लागती'… म्हणणारच.

नाही, रडत नाहीये. पेन शोधतेय.

थांब, मूठ मापाला माप, खऱ्याएवढीच काढलीय. हात ठेवून बघते… बसतोय. करंगळीसुद्धा.

केली सही… तारीख फेब्रुवारीची टाकू का?… तुला चालेल गं, त्यांना नसतं चाललं. मागची तारीख टाकली म्हणून साहेबाशी भांडले होते एकदा. ज्या दिवशी तपासलं, त्या दिवसाची.

आजची टाकली. टाक आता फासा… किती?… चौदा म्हणजे पास?… बरं.

काय?… रिव्हॉल्व्हर घ्यायला? या रविवारी?…

नाही मंजुषा, 'येते' असं नाही म्हणत. लई वेळा म्हणून झालंय. तू पत्ता पाठव.

ठेवते.