एका दुकानाचा प्रबंध

या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख. प्रवासाचा शीण चेहऱ्यावर दिसू न देणारे प्रमुख पाहुणे. मधल्या खुर्चीत विराजमान झालेले सत्कारमूर्ती, आपले मावळते संचालक. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती. विज्ञान, कला आणि अर्थशास्त्र या तिन्ही विभागांचे संशोधक. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि कार्यालयातले सहकारी. आणि भाषणं कधी आटोपतात याकडे डोळे लावून दाराशी उभे असलेले उपाहारगृहाचे मालक, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक दुरुस्ती करतो. निमंत्रणपत्रिकेत माझा उल्लेख 'प्राध्यापक' असा झाला आहे. मी प्राध्यापक नाही. मी या संस्थेचा आकृतिकार आहे. तुमच्या शोधनिबंधांत जे आलेख, नकाशे, किड्यांचे पाय आणि खांबांचे छेद दिसतात, ते मी काढतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही. ग्रंथालयातली पुस्तकं बघून, काढून, खोडून, पुन्हा काढून मी ते शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. चुकून मिळालेली पदवी मी घेत नाही. ज्यांना ती हवी असते त्यांच्यासाठी ती राहू द्यावी.

दुसरा खुलासा नात्याचा. सत्कारमूर्ती हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाहेर मी त्यांना 'सर' म्हणतो, घरी 'भाऊजी'. आज दोन्ही माणसांशी बोलायचं असल्यामुळे माझी थोडी सरमिसळ होईल. आज सकाळी ताईचा फोन आला. म्हणाली, "हे बघ, दोनच शब्द बोल, पण चांगले बोल. तुझ्या जिभेचा मला भरवसा नाही." ताई, दोन शब्दांत भागणार नाही. आणि चांगले बोलायचे की खरे, हे तू सांगितलं नाहीस. आता डोळे वटारू नकोस, मला इथून सगळं दिसतं.

माझ्या आधी पाच वक्ते बोलून गेले. पाचही जणांनी सांगितलं की सरांनी संस्थेला शिस्त लावली. लावली, यात वाद नाही. ते येण्याआधी ग्रंथालयाचं छत गळत होतं, ते त्यांनी दुरुस्त करून घेतलं. पगार वेळेवर व्हायला लागले. दोन विभागांची एकमेकांशी अबोला धरण्याची परंपरा त्यांनी मोडली. हे सगळं मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण पाचांपैकी एकानेही सरांच्या मोजपट्टीचं नाव काढलं नाही. का बरं? ती तर त्यांची सर्वांत मोठी कामगिरी! मग ती सांगण्याचं पुण्य माझ्याच पदरी आलं म्हणायचं.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. संस्थेतल्या प्रत्येक संशोधकाने दरवर्षी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची, असा सरांचा नियम आहे. तुम्ही नमुने किती तपासले? त्यांची सरासरी काय आली? त्याचा उपयोग कोणाला? शास्त्रज्ञ असो, कलेचा अभ्यासक असो की अर्थशास्त्री, सर्वांना हेच तीन प्रश्न. ज्याची उत्तरं बसत नाहीत, त्याचं काम बंद. ऐकायला किती न्याय्य वाटतं, नाही? सर्वांना एकच माप. हो, पण चपलांच्या दुकानात जाऊन सर्वांना एकच माप द्या म्हटलं, तर दुकानदार आपल्याला पाणी देईल आणि घरी फोन करेल.

माझ्या टेबलावर तिन्ही विभागांचं काम येतं. या इमारतीत असा मी एकटाच. त्यामुळे कोण कशाच्या मागे लागलं आहे हे मला दिसतं. वनस्पतिशास्त्राचे शेवाळवाले सर घ्या. इमारतीच्या मागच्या भिंतीवर, पन्हळीचं पाणी झिरपतं तिथे, शेवाळाचा एक हिरवा पट्टा होता. किती वर्षं, ते तेच सांगतील, पण भिंग घेऊन सर त्या भिंतीला नाक लावून उभे असायचे. शेवाळ कोणत्या बाजूने सरकतं, कोणापुढे माघार घेतं, उन्हाळ्यात मेल्याचं सोंग कसं आणतं. तिसऱ्या प्रश्नापाशी त्यांची गाडी अडली. उपयोग काय? शेवटी वैतागून त्यांनी लिहिलं, 'भिंती स्वच्छ ठेवण्यास साहाय्य होऊ शकेल.' उत्तर पसंत पडलं. इतकं पसंत पडलं, की कार्यालयाने ते देखभाल विभागाकडे पाठवलं, आणि देखभाल विभागाची माणसं तारेचे ब्रश घेऊन आली आणि भिंत घासून लख्ख करून गेली.

हसा, हसा. शेवाळवाले सर हसत नाहीत. ते बघा, तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

अर्थशास्त्र विभागात एक तरुण बाई आहेत. त्यांचा विषय असा, की दोन रांगा असताना काही माणसं मुद्दाम मोठ्या रांगेत का उभी राहतात. अर्थशास्त्राच्या हिशेबी हा शुद्ध वेडेपणा. बाई तिकीटघरापाशी, दवाखान्यापाशी उभ्या राहून त्या माणसांशी बोलल्या. एक आजोबा त्यांना म्हणाले, "अहो, छोट्या रांगेत लगेच नंबर लागतो. मग घरी जाऊन भिंतींशी बोलू का?" याची सरासरी काढायची? बाईंनी काढली, नियमच होता. आलेख मीच आखला. सुंदर, गुळगुळीत रेघ आली. त्या रेघेत आजोबा कुठेच नव्हते. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, तेवढेच नेमके गळून पडले.

काय म्हणालात, सर? विषयावर ये? येतो. मुद्दाम सावकाश येतो आहे, कारण एकदा आलो की तुम्हाला तो आवडणार नाही.

विषय आहे तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली. तिथे आपल्या कला विभागाच्या अंगाईबाई काम करतात. हे नाव आम्हीच ठेवलेलं, त्यांचं काम अंगाईगीतांवर आहे म्हणून. बालरुग्णालयातून निवृत्त झालेल्या एक वयस्क परिचारिका त्यांच्याकडे येतात. या परिचारिकेने जन्मभर दुसऱ्यांची आजारी बाळं झोपवली. अंगाईबाईंच्या लक्षात आलं, की ती एकच अंगाई म्हणते, पण प्रत्येक बाळाला वेगळी. बाळाचा श्वास ऐकते, आपली चाल त्याच्या श्वासाला जुळवते, आणि मग हळूच चाल संथ करते. बाळाचा श्वास तिच्यामागून संथ होतो. हे ती कसं करते, कुठल्या शब्दावर करते, हे टिपून घेण्याचं काम त्या खोलीत चालतं. त्या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही. परिचारिकेचे गुडघे गेले आहेत, आणि त्या खोलीला जिना चढावा लागत नाही. आवाजही आता फाटायला लागला आहे. तो विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी थांबून राहणार नाही.

अंगाईबाईंनी पहिल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिलं. नमुने किती? एक. सरांनी शेरा मारला, 'एका बाईच्या गाण्याला संशोधन म्हणता येत नाही.' दुसऱ्या प्रश्नासाठी कार्यालयातल्या कोणा हुशार माणसाने यंत्रावर सगळ्या चालींची सरासरी काढून दिली. मी ती ऐकली आहे. आजवर कोणत्याही बाईने न गायलेली ती चाल आहे. ती ऐकून बाळ झोपणार नाही, झोपलेलं उठून बसेल!

आता मुख्य गोष्ट. अंगाईबाईंचं काम बंद करून ती खोली रिकामी करावी, असा प्रस्ताव अध्यक्षांपुढे आहे. त्यावर उद्या सही व्हायची आहे. आणि खोली कशासाठी हवी? 'सन्माननीय मार्गदर्शक कक्ष' म्हणून. सन्माननीय मार्गदर्शक कोण, हे मी सांगायला हवं का? ते मधल्या खुर्चीत बसले आहेत. म्हणजे निरोप आपण देतो आहोत, पण निरोप घेणारे तळमजल्यापर्यंतच जाणार आहेत.

नाही, माइक ओढू नका. मला दिलेला वेळ अजून संपलेला नाही, घड्याळ माझ्यासमोरच आहे.

आता मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार या सभागृहात फक्त तिघांना आहे. सरांना, माझ्या बहिणीला आणि मला. सरांचं नाव ज्या प्रबंधाने झालं, ज्याच्या जोरावर पुढच्या सगळ्या खुर्च्या मिळाल्या, तो प्रबंध घासाघिशीवर आहे. दुकानदार आणि गिऱ्हाईक भाव कसा ठरवतात, यावर. पाहुण्यांनी मघाशी त्याचा गौरव केला, 'बाजाराचं अंतरंग उलगडणारा ग्रंथ' म्हणाले. योग्यच म्हणाले. पण तो बाजार केवढा होता, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. तो बाजार म्हणजे एक दुकान. आमच्या वडिलांचं किराणा दुकान.

एक तरुण विद्यार्थी रोज येऊन साखरेच्या पोत्यावर बसायचा. वडील म्हणायचे, "बसू दे रे, उंदीर तरी येणार नाहीत." बाकीच्या दुकानदारांनी त्याला हाकलून दिलं होतं. गल्ल्यावर ताई असायची. तराजू तिच्या डाव्या हाताला...

काय ग, ताई? उजव्या? पाहुणे, माफ करा, माझी बहीण पहिल्या रांगेतून मला दुरुस्त करते आहे. तराजू उजव्या हाताला होता, डाव्या हाताला साबणाच्या वड्यांची फळी. बरोबर, तिचंच बरोबर. तिथे ती उभी असायची, मी नव्हे.

तर ताई एकाच साबणाचा भाव माणूस बघून फिरवायची. शेजारच्या शिंपीणबाईंना वेगळा, मिरवत येणाऱ्या कंत्राटदाराला वेगळा, आणि ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला वेगळाच. कोणाला कधी सवलत द्यायची, हे ती माणसाच्या चालीवरून ओळखायची. तो विद्यार्थी हे बघून चक्रावला. एक दिवस धीर करून विचारता झाला, "पण तुमचा सरासरी भाव काय?" ताई म्हणाली, "सरासरी भावाने आजवर इथून कोणी साबण नेलेला नाही. तुम्हाला हवा असेल तर आधी तुमचं तोंड बघू द्या." त्या वाक्यावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं आहे. त्याच वाक्यावर यांचा संसारही उभा आहे, पण तो आजचा विषय नाही.

दुकानाची आकृती मी काढली. माझी ती पहिली छापलेली आकृती. परीक्षकांनी तेव्हा विचारलं होतं, "एकाच दुकानावरून तुम्ही एवढं कसं बोलता?" आणि या माणसाने काय उत्तर दिलं? घरी येऊन आम्हा सर्वांना त्याने ते छाती फुगवून ऐकवलं होतं. म्हणाला होता, "शंभर दुकानांच्या दारावरून चालत जाण्यापेक्षा एका दुकानात बसून राहणं अवघड आहे. मी बसून राहिलो." वडिलांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि गल्लीभर पेढे वाटले.

त्या माणसाचा मला अभिमान होता, भाऊजी. त्याच्याकडे बघून मला वाटलं, की एक गोष्ट पुरेशी निरखून बघितली तर वर्गात न बसताही माणूस काही तरी शिकू शकतो. आणि आज तोच माणूस पोत्यावरून उठून खुर्चीत बसला, आणि तसंच पोत्यावर बसायला आलेल्या एका बाईला म्हणतो, नमुना एकच का? याला शिस्त म्हणतात? माझ्या कोशात याला वेगळा शब्द आहे, पण पाहुण्यांसमोर तो उच्चारत नाही.

कोणी म्हणेल, घरचं भांडण चव्हाट्यावर का आणलं? घरी तीनदा बोललो. तिन्ही वेळा उत्तर आलं, "तुला त्यातलं काय कळतं?" मग म्हटलं, ज्यांना कळतं त्यांच्यासमोरच बोलावं. इथे शंभर वेगवेगळी डोकी शंभर वेगवेगळ्या गोष्टींच्या मागे लागलेली आहेत. कोणाला लाखो आकडे लागतात, कोणाला एक भिंत लागते, कोणाला रांगेतले आजोबा. हे सगळे एका छत्राखाली आहेत म्हणून ही संस्था आहे. सगळ्यांनी एकच काम एकाच मापाने करायचं असेल, तर त्याला कारखाना म्हणतात, आणि कारखान्यातही दर यंत्राला वेगळं तेल घालतात.

अध्यक्ष महोदय, प्रथेप्रमाणे माझ्यानंतर सत्कारमूर्ती उत्तराला उभे राहतील. त्यांनी सर्वांचे आभार मानावेत, आठवणी सांगाव्यात. फक्त त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. एका दुकानाचा तो प्रबंध संशोधन होता, की नव्हता?

होता म्हणाले, तर अंगाईबाईंची खोली राहते, आणि उद्या तुमची सही होत नाही. नव्हता म्हणाले, तर ज्या ग्रंथासाठी आपण सगळे टाळ्या वाजवायला जमलो आहोत, त्याचा सत्कार परत घ्यावा लागतो. मला तिसरं उत्तर सापडलेलं नाही. सरांना सापडलं, तर त्याची आकृती मी फुकट काढून देईन.

आयोजकांनी मला बोलायला बोलावलं, त्यांचे आभार. त्यांना आता पश्चात्ताप होत असेल, तर तोही मी समजू शकतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, जे शांत बसले नाहीत त्यांनीही निदान पूर्ण ऐकलं, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात एखादा तपशील चुकला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी आणि मला कळवावं, मी तो दुरुस्त करीन. क्षमा तपशिलापुरती मागतो आहे. बाकी जे बोललो, त्याची माफी मी मागत नाही.

माइक मी चालूच ठेवतो. भाऊजी, या.