शनिवारचं तेल

(हट्ट्याच्या फाट्यावर सखुबाईचं गॅरेज. बालाजीची जुनी पेट्रोल गाडी बॉनेट उघडून उभी आहे.)

सखुबाई : ती टामी आधी खाली ठेव. रक्त लागलंय लोखंडाला.

बालाजी : राहू द्या. अजून काम हाय तिचं. तुमी फक्त येवढं सांगा मावशी, वैज्यानं टाकीत रॉकेल टाकलं का न्हाई?

सखुबाई : सख्ख्या भावाला मारलंस?

बालाजी : सकाळीच. माझ्या दारात बॉनेट उघडून आत हात घालून उभा होता. पहिला घाव उजव्या मनगटावर. हाड मोडलेलं ऐकू आलं मला. दुसरा डोक्यात. बायको मधी पडली म्हणून तिसरा राहिला. वसमतच्या दवाखान्यात पडलाय. तुमी व्हय म्हणा, तिथं जाऊन राहिलेलं उरकतो.

सखुबाई : अन् न्हाई म्हणलं तर?

बालाजी : कसं म्हणाल? बापाची एकच गाडी. एक महिना त्याची, एक महिना माझी. गेल्या महिन्यात त्याच्याकडं हरणावानी पळत होती. माझ्याकडं येऊन तीन आठवडे झाले, तर परवा मायला घेऊन निघालो अन् सिद्धेश्वरच्या रस्त्यात चारदा मेली. आपोआप का?

सखुबाई : प्लगचा पाना दे इकडं. सरक जरा, उजेड अडवू नको. हं, निघाले चारी. बोट लाव ह्याला.

बालाजी : काळंच हाय की.

सखुबाई : काळ्याकाळ्यात फरक असतो, लेकरा. रॉकेलाची काजळी कोरडी, फुंकली की उडती. हे ओलं हाय, चिकट. वास घे.

बालाजी : इंजिनातलं तेल हाय हे.

सखुबाई : म्हणून ठिणगी पडत न्हाई. हे टाकीतून आलेलं न्हाई, खालून वर चढलंय.

बालाजी : मंग त्यानं तेल ओतलं. एकच झालं ते.

सखुबाई : थांब. तेलाची पट्टी ओढते. ही वरची खूण दिसली? तेल तिच्याबी वर दोन बोटं. कोण ओततं?

बालाजी : मीच. दर शनिवारी अर्धा लिटर. बाबांनी लावलेलं वळण हाय.

सखुबाई : उकंडरावांचं. अजून दिसतात मला. मारुतीला तेल वाहायचे अन् तसेच गाडीपाशी यायचे, पांढऱ्या धोतरावर एक डाग पडू द्यायचे न्हाईत. तवा इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. आठवड्याला तेवढं तेल जळूनच जायचं. तवाचं ते बराबर होतं.

बालाजी : अन् आता?

सखुबाई : गेल्या महिन्यात वैजनाथनं नव्या रिंगा टाकून घेतल्या. इथंच, माझ्याकडं. आता काही जळत न्हाई. तू ओतत राहिलास, ते साठत राहिलं.

बालाजी : मला काहून सांगितलं न्हाई त्यानं?

सखुबाई : बोलता कधी तुमी? महिना संपला की चावी मारुतीच्या देवळातल्या खिळ्याला अडकवता, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून.

बालाजी : मंग आज काय करून राहिला होता माझ्या दारात?

सखुबाई : काल आला होता इथं. म्हणला, दादाची गाडी निळा धूर सोडून राहिली. मीच म्हणलं, जा, तेलाची पट्टी बघ अन् दादाला दाखव. मीच धाडलं रे त्याला. हातात काय होतं त्याच्या?

बालाजी : फडकं.

सखुबाई : अन्?

बालाजी : हीच पट्टी. 'दादा, बघ तरी,' म्हणत होता. दुसऱ्या घावाच्या आधीबी तेच म्हणला.

सखुबाई : टामी दे माझ्याकडं.

बालाजी : घ्या.

सखुबाई : तेल काढून प्लग धुवायला घंटाभर लागल. बस तिथं.

बालाजी : गाडी राहू द्या इथंच. वसमतची बस पकडतो. चावी तेवढी द्या. आता खिळ्याला न्हाई अडकवत. त्याच्या हातात देतो.

सखुबाई : डाव्या हातात दे.